आरशाची कल्हई

माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर वाकडं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. मेंढरांमागं फिरताना लिहायला काय होतं? वेलांट्या चुकल्या असतील, ओळी खाली घसरत गेल्या असतील, तर हे ज्याच्या हाती कधी पडेल त्याने पोटात घालावं. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी दाराआड जाते. कागदासमोर तेवढं होत नाही. आणि गेलं वर्ष जीव असा टांगणीला लागला होता की कुठंतरी मोकळं व्हायलाच हवं.

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की यांना हाक मारतात. सोलापुरात आकाश बघणाऱ्या मंडळींचा एक गट आहे. त्यांना दुर्बिणीसाठी लोखंडी बैठक करून हवी होती. ती यांनी मोडीच्या सामानातून करून दिली. पोचवायला गेले आणि शनी बघून आले. त्यानंतर माणूस घरात असून घरात नव्हता. जेवताना भाकरी मोडायचे आणि घास तसाच हातात धरून विचारायचे, “अगं, शनीला कडं हाय, तुला ठावं होतं का?”

मी म्हणायची, “शनिवारी तेल वाहायचं असतं, तेवढं ठावं हाय.”

पुढं गटानं वर्गणी काढून मोठा आरसा आणला. परातीएवढा, खोलगट, जाड काचेचा. त्याला नळी आणि बैठक करायचं काम यांच्याकडं आलं, म्हणून आरसा लाकडी पेटीतून आमच्या दोन खोल्यांत आला. गटात शिकलेली माणसं. त्यांनी एवढी महागाची वस्तू आपल्या हवाली केली, याचंच यांना केवढं वाटत होतं. पेटी कपाटावर चढवताना मी विचारलं, दुर्बीण म्हणजे लांबचं मोठं करून दाखवायचं भिंग ना, मग आरसा कशाला?

“मोठं करायचं नंतर. आदी उजेड गोळा करायचा. पावसात वाटी ठेवली तर पाणी किती साचंल आन परात ठेवली तर किती? आपल्या डोळ्याची बाहुली वाटी बी न्हाय, मुगाचा दाणा हाय. ही परात.”

चांदण्यांचा उजेड नळीत पडतो, तळच्या आरशावर गोळा होऊन पुन्हा वर जातो, तिथं एक लहानसा तिरपा आरसा त्याला बाजूला वळवतो आणि तिथं डोळा लावायचा. हे सगळं त्यांनी ताट, वाटी आणि चमचा मांडून मला दाखवलं.

खंडेनवमीला हे सकाळीच कारखान्यात मागांच्या पूजेला गेले. मी घरात हत्यारं मांडली. मी टॉवेलच्या कडा शिवते, म्हणून शिलाई मशीनला पहिला मान. मग कात्री, विळी, यांची पान्ह्यांची पिशवी. पूजा उरकता उरकता नजर पेटीवर गेली. मनात आलं, यांचं खरं हत्यार तर ते. सणाच्या दिवशी वगळलेलं हत्यार रुसतं, असं आमच्याकडं म्हणतात.

पेटी उघडून आरसा लाल कापडावर ठेवला. मधोमध हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. आरशात माझं तोंड एवढं मोठं दिसलं की मीच लाजले.

दुपारी बेचैन वाटायला लागलं. कुंकू ओलं होऊन ओघळलं होतं. न विचारता पेटी उघडली म्हणून हे काय म्हणतील? टॉवेलच्या चिंधीने पुसलं, तर कुंकू सगळीकडं पसरलं आणि हळदीचा पिवळा डाग काही जाईना. पितळेचे देव मी लिंबू-मीठ लावून घासते, लख्ख होतात. तेच केलं. घासता घासता आरशातून खालच्या कापडाचा लाल रंग दिसायला लागला. आरसा संपला होता, काच उरली होती.

घरातल्या आरशाचा मुलामा मागून असतो, पुढून कितीही पुसा. दुर्बिणीच्या आरशाचा पुढून असतो. हे मला ठाऊक नव्हतं आणि पूजा करायला कुणाला विचारायचं असतं, हेही सुचलं नाही.

हे संध्याकाळी आले. आरसा बघून खाली बसले.

“काय लावलंस?”

“लिंबू.”

“आणि?”

“मीठ.”

“मिरची तेवढी राहिली.”

मी चाचरत म्हणाले, “कल्हईवाल्याकडं न्हेऊ का?” तसे ते हसले, आणि हसता हसता भिंतीकडं तोंड करून बसले.

त्यांनीच गटाला कळवलं, काही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी गटातले सर आले. निवृत्त शिक्षक आहेत, आकाशातलं सगळं तेच समजावून सांगतात. त्यांच्याबरोबर गटाचे पैसे सांभाळणारे भाऊ आले. त्यांचं औषधांचं दुकान आहे. सरांनी आरसा उजेडाकडं धरला.

“वहिनी, कुंकू मधोमध लावलं असतं तर काही बिघडलं नसतं. आम्हीही मधोमध एक ठिपका करतो, आरसा नीट बसलाय का बघायला. तिथं लहान आरशाची सावलीच पडते.”

“मदीच लावलं व्हतं,” मी दाराआडून म्हणाले. “पुसलं सगळीकडं.”

सर मोकळेपणानं हसले. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, “म्हणूनच मी सांगत होतो, अशा वस्तू घराघरांत देऊ नयेत.”

हे वाक्य यांना लागलं. आरसा पुण्याला पाठवायचं ठरलं. तिथं जुना मुलामा काढून, हवा काढून घेतलेल्या पेटीत ॲल्युमिनियमचा नवा पातळ थर चढवतात. सरांनी त्याला कल्हईच म्हटलं, मला कळावं म्हणून. पैसे गटातून भरले. कुणी मागितले नसताना हे म्हणाले, “ते मी फेडणार. आन फिटल्याशिवाय दुर्बिणीला डोळा लावणार न्हाय.”

सरांनी समजावलं, पण हे ऐकणारे नाहीत. मागाचा धागा तुटला तर गाठ मारतील, शब्दाला मारणार नाहीत.

आरसा नवा होऊन आला तो सरांच्या घरी. हे सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन नळी बसवायचे, बैठक फिरवून बघायचे, तेल द्यायचे. सगळं दिवसा. ऊन उतरलं की हात पुसून घरी. स्वयंपाक करावा आणि न चाखता उठून जावं, तसं. घरी आले की गच्चीवर हात मागं बांधून नुसत्या डोळ्यांनी वर बघत उभे राहायचे. देवयानी नावाची एक दीर्घिका असते, म्हणजे चांदण्यांची एक वेगळी वस्तीच, आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची. ती त्यांना पहिल्यांदा या आरशातून बघायची होती. त्या दिवसांत ती संध्याकाळी डोक्यावर यायची.

पैसे लवकर फिटावेत म्हणून मी जास्तीचे टॉवेल घरी आणायला लागले. पायाखाली मशीन आणि डोक्यावर त्यांची पावलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. ती पावलं ऐकून माझी शिलाई वाकडी जायची, ती उसवायची, पुन्हा घालायची. एकदा चिडून वर गेले. “खाली या की. काय दिसतंय हितनं?”

“दिसत न्हाय, पण हाय कुटं ते ठावं हाय,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “थंडी सरली की पश्चिमेला उतरती. पाडव्याला गेलेली आसंल.”

म्हणजे मला पाडव्याच्या आत पैसे उभे करायचे होते. त्यानंतर बसले तरी बसवेना.

हुरड्याच्या दिवसांत सरांनी विचारलं, वहिनींच्या माहेरी मंगळवेढ्याकडं अंधार चांगला असतो म्हणे, दुर्बीण तिकडं नेऊ या का? माझे वडील तिथं ज्वारी आणि मेंढरं बघतात. त्यांनी व्हय म्हटलं. हे मात्र आले नाहीत. माहेर माझं, म्हणून मला जावंच लागलं. जीपमध्ये सगळे शहाणे लोक, मी मागं खिडकीकडं तोंड करून बसले.

रानात काळोख पडला. हुरडा भाजून झाला होता आणि विस्तव विझवला होता. गावातली माणसं रांग लावून उभी राहिली. आप्पांना, माझ्या वडिलांना, मान पहिला. मेंढरं राखताना वेळ बघायला त्यांना तिकांडं पुरतं, तीन चांदण्या ओळीत असतात त्या. त्यांनी नळीला डोळा लावला.

“काय दिसतंय आप्पा?” सरांनी विचारलं.

“धुकं.”

“तीच ती. अब्जावधी चांदण्या आहेत त्यात. तो उजेड तिथून निघून पंचवीस लाख वर्षं झाली.”

“म्हंजी मी शिळं बघतोय की.”

“शिळंच.”

“आसंना. डोळ्याचं पारणं फिटलं.”

सर लोकांना सांगत होते की मोठ्या दुर्बिणींना आता कुणी डोळा लावतच नाही. तिथं कॅमेरा तासन्‌तास उजेड साठवत बसतो. मग तो उजेड फाकवून रंगांचा पट्टा करतात. त्या पट्ट्यात काळ्या रेघा असतात, प्रत्येक पदार्थाच्या आपापल्या. रेघांवरून चांदणीत काय जळतंय ते कळतं. कारखान्यातला रंगाचा मास्तर सूत बघून कुठल्या हौदातलं ते सांगतो, तसंच की, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही. रेघा तांबड्याकडं सरकल्या तर ती वस्ती लांब चालली, निळ्याकडं सरकल्या तर जवळ येतेय.

“बाकीच्या बहुतेक लांब चालल्यात,” सर म्हणाले. “ही आपल्याकडं येतेय.”

“कवा पोचंल?” रांगेतून कुणीतरी विचारलं. “हुरडा संपायच्या आदी?”

“अब्जावधी वर्षं आहेत अजून.”

“मग खावा निवांत.”

माझी पाळी आली. मला नुसता काळोख दिसला. रांग खोळंबलेली, सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीवर. मी मागं सरायला लागले तर सर म्हणाले, “सरळ नका बघू वहिनी. नजर जरा बाजूला ठेवा आणि डोळ्याच्या कडेने बघा. अंधुक गोष्ट कडेनेच दिसते.”

तसं बघायची मला सवय आहे. जन्मभर माणसांकडं तसंच बघत आले. नजर बाजूला ठेवली आणि ती हळूच उमटली. पिंजलेल्या कापसाचा पेळू तिरपा धरावा तशी, मध्ये उजळ, कडेला विरत गेलेली. सरळ बघितलं की पळायची. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला एकच वाटत होतं की हा डोळा माझा नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत आले. हे उंबऱ्यावरच बसले होते.

“दिसली?”

“दिसली.”

“शेजारी दोन बारके धुरकट ठिपके व्हते का? चांदण्या टाचणीच्या टोकागत व्हत्या का शेपट्या फुटलेल्या?”

“मला काय ठावं?”

“मग बघितलंस काय?”

“तुमी केलेल्या दुर्बिणीतनं तुमी बघा की. मला कशाला इचारता?”

माझा आवाज एवढा चढलेला मीच कधी ऐकला नव्हता. हे उठून चपला घालायला लागले. मग म्हणाले, “बैठक हलत व्हती का?”

“न्हाय. सर म्हणाले, लोण्यागत फिरती.”

त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं आणि कामाला गेले.

मी शिवणं थांबवलं नाही. पण मध्येच लेकीचं बाळंतपण आलं आणि साठवलेले पैसे त्यातच गेले. नातू झाला. त्याला मांडीवर घेऊन बसले तरी माझं लक्ष खिडकीतून पश्चिमेकडं. पाडवा आला, गुढी उभी केली. संध्याकाळी ती उतरवताना हे म्हणाले, “गेली.” मी काय ते समजले. आता संध्याकाळच्या आभाळात ती पुन्हा दसऱ्याच्या सुमारास.

लग्नसराईत टॉवेलची मोठी मागणी आली. दिवसभर शिवून पाय सुजायचे. वैशाखात पैसे पुरे झाले. हे म्हणाले, “दे, मी पोचवून येतो.”

“न्हाय. लिंबू मी लावलं.”

तरी ते सायकल घेऊन बरोबर आले आणि रस्त्यापलीकडं थांबले. औषधाच्या दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकं सरेपर्यंत मी कडेला उभी राहिले. दिवस मावळत आला होता.

“बोला वहिनी, कुठली गोळी?” भाऊंनी विचारलं.

मी रुमालाची गाठ सोडून नोटा काचेवर ठेवल्या. त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. “अहो, सर तर म्हणत होते राहू द्या. आणि त्या दिवशी मी बोललो ते...”

“मोजा,” मी म्हणाले.

त्यांनी मोजले. काही नोटा मशीनच्या तेलाने डागाळलेल्या होत्या, त्या त्यांनी सरळ करून बाकीच्यांत ठेवल्या.

“फिटलं,” ते म्हणाले. “सगळं फिटलं. काही बाकी नाही.”

मी रस्त्यापलीकडं बघून मान डोलावली. यांनी सायकलचं तोंड सरांच्या घराकडं वळवलं.