गाणं संपेपर्यंत बोलायचं नाय

बबनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला, आमच्या संघटनेच्या खोलीत, एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. फोन मुरबाडहून होता, मावशीच्या शेजारच्या काकूंचा. "रंजे, बबन गेला गो... कल्याणला, दवाखान्यात. कावीळ उतरलीच नाय." मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग जे वाक्य तपासत होते ते आधी पूर्ण वाचलं, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि त्यानंतर उठले. हे मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. पण लोकांनी खरं बोलावं म्हणून मी इतकी वर्षं पत्रकं काढतेय, गावोगाव भिंती रंगवतेय. तेव्हा आता जरा स्वतःपासून सुरुवात करते. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं लिहायची रीत आहे. बबनदादाविषयी मी चांगलंच लिहिणार आहे. माझ्याविषयी तशी हमी देत नाही.

बबनदादा माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमचं गाव खर्डीच्या आत, स्टेशनपासून तासभर चालत. बारावीनंतर कॉलेजसाठी मला मुरबाडला मावशीकडे ठेवलं, ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एसटी स्टँडजवळ बबनदादाची पत्र्याची टपरी होती. 'रेडिओ-टेप दुरुस्त करून मिळतील.' आत उघड्या पोटाचे टेपरेकॉर्डर, स्पिरिटची बाटली, कापसाचे बोळे आणि खिळ्यांना अडकवलेले रबरी पट्टे. दुरुस्त केलेला टेप नीट चालतो का हे बघायला तो एकच कॅसेट लावायचा. कुठल्या तरी मास्तरांनी दुरुस्तीला दिलेल्या टेपात राहून गेलेली, ख्यालगायनाची. "कारण काय हाय, रंजे," तो मला समजवायचा, "धडाधड वाजणाऱ्या गाण्यात पट्टा ढिला असला तरी झाकून जातो. हा बाबा बघ. एकच सूर धरून बसतो, हलत नाय. पट्टा जरा जरी ढिला असेल ना, याचा सूर पाण्यात पडल्यासारखा हलतो. टेपाची नाडी याच्या गळ्यात हाय."

त्या चाचणीपायी एक बारावी नापास मेकॅनिक शास्त्रीय संगीत ऐकायला लागला. आधी कामासाठी अर्धं मिनिट, मग पाच मिनिटं, मग गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं असताना अख्खी बाजू. "बबन, झाला ना रे टेप?" "टेप झाला, गाणं नाय झालं. बसा." आणि हाच माणूस लग्नसराईत संध्याकाळी गळ्यात बेंजो अडकवून हळदीच्या मांडवासमोर लोकांना घाम फुटेपर्यंत नाचवायचा. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. मी तेव्हा संघटनेच्या पत्रकांच्या स्टेन्सिल टाइप करायला शिकत होते, तर म्हणायचा, "आपण दोघं टायपिस्टच गो. फरक इतकाच, माझं टाइप केलेलं लोक नाचतात, तुझं वडापावाला गुंडाळतात."

त्याला काहीही आवडायचं. हे मला सहन व्हायचं नाही. कव्वाली आवडते, डिस्को आवडतो, भजनाची बारी आवडते, एक अक्षर न कळणारं इंग्रजी गाणं आवडतं आणि आमच्या मावशीचा धवलाही आवडतो. मावशी धवलारीण होती, म्हणजे लग्नाचे विधी आपल्या गाण्यांनी पार पाडणारी बाई. मी विचारायचे, "तुला काही मत आहे की नाही? ज्या गाण्यात माणसाचं दुःख नाही ते गाणं कशाला ऐकायचं?" माझ्याजवळ कार्यकर्त्यांनी भरून दिलेल्या तीन कॅसेट होत्या, सगळ्या चळवळीच्या गाण्यांच्या, आणि जगातलं बाकी सगळं संगीत म्हणजे लोकांना झोपवायचं औषध, असं माझं ठाम मत. एकोणीस वर्षांची होते. पण वयावर ढकलत नाही. अठ्ठावीसला पण तशीच होते.

रविवारी दुपारी टपरीत आमचा सामना असायचा. नियम त्याने केला होता. एक गाणं तुझं, एक माझं, आणि गाणं संपेपर्यंत दुसऱ्याने बोलायचं नाय. संपलं की तो टेपाचं बटण दाबायचा आणि म्हणायचा, "हां. आता बोल." मग बोलावंच लागायचं. 'छान' किंवा 'बकवास' म्हणून सुटका नव्हती, कुठे काय ऐकलं ते सांगावं लागायचं. माझं मोर्च्याचं गाणं तो डोळे मिटून ऐकायचा. "तिसऱ्या कडव्याला ढोलकीवाला दमलाय. पण कोरसमध्ये एक बाई हाय, मागं उभी असणार, ती एकटी सुरात हाय. तिला पुढं उभी करा रे." मी संतापायचे. गाणं धरणग्रस्तांचं आणि याला ढोलकी दिसते! त्याची पाळी आली की मी नियम मोडायचे. अर्ध्या मिनिटात तोंड सुटायचं... हे दरबारी आहे, हे बाजारू आहे, यात बाईला काय म्हणून दाखवलंय बघ. तो बटण दाबून गाणं थांबवायचा. रागवायचा नाही. "मधी बोललीस. परत पहिल्यापासून," म्हणायचा आणि रिवाइंड करायचा. एका दुपारी एक ठुमरी आम्ही सहा वेळा सुरू केली. संपवली एकदाही नाही.

कॉलेज झालं आणि मी पूर्णवेळ संघटनेत गेले. शहापूरला खोली, मुरबाडच्या पूर्वेकडच्या गावांची जबाबदारी. त्या गावांत हळदीच्या दिवशी दारू वाहायची, दारूनंतर मारामाऱ्या, बायकांच्या अंगावर हात टाकणं. हे खोटं नव्हतं, आजही नाही. मी पत्रक लिहिलं, 'हळद की हैदोस?' त्यात दारू विकणाऱ्यांविषयी एक ओळ होती. ते ओळखीतले होते, गावच्या पुढाऱ्यांच्या घरातले होते, तेव्हा एकच ओळ. आणि बेंजोवाल्यांविषयी अख्खा परिच्छेद. 'आपल्या आयाबायांच्या गाण्यांचा गळा घोटून तरुणांना झिंगवणारे भाडोत्री बेंजोवाले' हे माझं वाक्य. टाइप करताना मला ते फार आवडलं होतं. दोनदा मोठ्याने वाचलं होतं. बबनदादा डोळ्यासमोर आला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. आला. मी त्याला बाजूला सारला आणि पुढची ओळ टाइप केली.

तीन गावांनी बैठका घेऊन बेंजो बंद केला. आम्ही शहापूरला पेढे वाटले. त्या हंगामात बबनदादाच्या बेंजो पार्टीच्या सुपाऱ्या परत गेल्या, ताशेवाला वीटभट्टीवर गेला, आणि पार्टी मोडली ती मोडलीच. दारू जिथल्या तिथे राहिली. पुढे दोन वर्षांनी त्याच गावांत कपाटाएवढे स्पीकर घेऊन डीजे आला. घरांची कौलं हलायला लागली, तेव्हा त्यावर पत्रक काढायला आमच्याकडे वेळ नव्हता.

पत्रक निघाल्यावर महिन्याभराने तो स्वतः शहापूरला आला. मी भांडणाच्या तयारीत होते, मुद्दे काढून ठेवले होते. त्याने खिशातून माझंच पत्रक काढलं, चार घड्या पडलेलं. "सगळं वाचलं. मधी बोललो नाय."

"मग आता बोल ना," मी म्हणाले.

"भाडोत्री बरोबर हाय गो. भाडं घेतोच आमी. पण गळा घोटला ते... आयेला वाचून दाखवलं मी. ती बोलली, रंजी घरात तीन वर्षं जेवली, मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, कोणाचा गळा कोणी घोटला ते." मग त्याने एक कॅसेट टेबलावर ठेवली. वर त्याच्या वळणदार अक्षरात फक्त 'रंजना' लिहिलेलं. "तुझं गाणं झालं. आता पाळी माझी. शेवटपर्यंत आयक."

चहा घेतला नाही. मुरबाडची जीप भरत आली होती, गेला.

मी ती कॅसेट ऐकली नाही. वेळ नव्हता असं स्वतःला सांगितलं, पण त्याच आठवड्यात मी एका पुढाऱ्याच्या दोन तासांच्या भाषणाची कॅसेट ऐकून उतरवून काढली होती. मला भीती वाटत होती. काहीतरी चांगलं असेल आणि माझं वाक्य मागे घ्यावं लागेल, ही भीती. कॅसेट पत्रकांच्या गठ्ठ्याखाली गेली. पुढे मुरबाडच्या स्टँडवर तो दिसला, टपरीत स्क्रू फिरवत बसलेला.

"आयकलीस?"

"ऐकली. छान आहे."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मंग बोल की."

"बोलले ना. छान आहे, खरंच."

"हां..." तो म्हणाला, "बोललीस." आणि पुन्हा स्क्रू फिरवायला लागला. मी बसमध्ये बसल्यावर स्वतःवर खूश होते, सुटले म्हणून. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी पाळी मागितली नाही. भेटायचा, मावशीच्या गुडघ्याचं सांगायचा, माझ्या सभांची चौकशी करायचा. सीडी आल्या, टेप कुणी दुरुस्तीला आणेना, तेव्हा आसनगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. टपरी ठेवली होती, सुट्टीच्या दिवशी उघडायचा. लोक म्हणायचे आत एकटाच गाणी लावून बसतो. कावीळ झाली तरी दोन आठवडे तसाच कामावर जात राहिला. हे सगळं मला तेराव्याला कळलं.

तेराव्याला मावशीने मला हाक मारून टपरीची किल्ली हातात दिली. "त्याची गाणी तू घे गो. दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नाय." मला कळतं असं तिला त्यानेच सांगितलं असणार. मी किल्ली घेतली, पण त्या दिवशी तिथे जाववलं नाही. शहापूरला येऊन गठ्ठे उपसले. कॅसेट सापडली, आणि पुढच्या रविवारी दुपारी मी टपरी उघडली.

त्याचा चाचणीचा टेप तिथेच होता, फळीवर. कॅसेट घातली. बेंजो सुरू झाला, एकच सूर, लांबवलेला... आणि तो हलत होता. पाण्यात पडल्यासारखा. क्षणभर वाटलं, वाजवताना त्याचाच हात थरथरलाय. मग लक्षात आलं, पट्टा. वापर नाही म्हणून ढिला पडलाय. मी टेप बंद केला, झाकण उघडलं, खिळ्यावरून त्या मापाचा पट्टा काढला, तो चढवताना दोनदा निसटला, हेड स्पिरिटने पुसलं. हे मला येतं हे मलाच माहीत नव्हतं. तीन वर्षं त्याचं बोलणं तोडायच्या नादात मी त्याच्या हातांकडे बघत बसले होते. कॅसेट रिवाइंड केली. परत पहिल्यापासून.

आधी बेंजोचा तो एकच सूर, आता जराही न हलणारा. मग मावशीचा आवाज, बिनसाथीचा, धवला. मग तीच चाल बेंजोवर, सावकाश, त्या ख्यालवाल्या बाबासारखी एकेक सूर धरून. मग ताशा आला आणि तीच चाल हळदीची झाली, ज्यावर मी परिच्छेद लिहिला होता ती. आणि मग लय जरा उतरली, ताशाच्या जागी टाळ्या आल्या, आणि मी स्टुलावरून उठून उभी राहिले. ते आमच्या संघटनेचं मोर्च्याचं गाणं होतं. शब्द आमच्या एका कार्यकर्त्याचे, आणि चालही त्याचीच असं मी धरून चालले होते, ट्रकवर उभी राहून तसं सांगितलंही होतं. चाल पाड्यावरच्या बायकांनी त्याला दिली असणार, आणि ती त्यांच्या मांडवातली होती. माझी मावशी गात होती ती, बबनदादा वाजवत होता ती. मी बेंजोचा आवाज बंद केला आणि तीच चाल माइकवरून गात राहिले... आणि गळा घोटणारा तो!

मी मधे बोलले नाही. शेवटपर्यंत ऐकलं. वाजवणं थांबलं, तारांवर हात ठेवल्याचा आवाज आला, आणि मग अगदी जवळून, जणू फळीच्या पलीकडून, बबनदादा म्हणाला, "हां. आता बोल."

म्हणजे स्टँडवर त्याने मला "मंग बोल की" म्हटलं तेव्हाच त्याला उमगलं होतं. शेवटपर्यंत ऐकलं असतं तर नुसतं 'छान' म्हणून मी सुटू शकले नसते, हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्याने मला खोटं पाडलं नाही. स्क्रू फिरवत बसला.

त्या शब्दांनंतर त्याने रेकॉर्डिंग बंद केलेलं नव्हतं. टेप तसाच चालू ठेवलेला. एसटीचा हॉर्न ऐकू येतो, कुणीतरी "झालं का रे बबन?" विचारतं आणि तो उत्तर देत नाही. माझ्यासाठी थांबलाय. बराच वेळ. मग खट् आवाज होऊन बाजू संपते.

हल्ली रविवारी मी मुरबाडला जाते, टपरी उघडते, ती कॅसेट लावते. हजार माणसांसमोर कागद न घेता बोलणारी बाई मी. त्याचं "आता बोल" येतं, मी तोंड उघडते. गळा घोटल्याचं ते वाक्य मागे घेते, एवढंच म्हणायचं असतं. खट् होईपर्यंत ते जमत नाही. मग रिवाइंड करते.