मॅग्डलीन मावशीचं ‘नाय’

माझ्या मावशीला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, असं मी २०१५ सालापर्यंत खुशाल सांगत असे. मॅग्डलीन मावशी वसईची. काका गेल्यावर ती इकडे कॅनडात आली आणि स्कारबरोला आमच्याच घरी बेसमेंटमध्ये राहू लागली. टोरंटोच्या डॅनफोर्थ रस्त्यावर, ग्रीक लोकांच्या वस्तीत, ती एका म्हातारीला सांभाळायला जायची. टीव्हीवर बातम्या लागल्या की हवामान बघून उठायची. स्वभाव मात्र हट्टी. एकदा ठरवलं की चर्चच्या फादरांचंही ऐकायची नाही. तो हट्ट थोडाफार माझ्यातही उतरलाय, त्यामुळे आमची रोज जुंपायची.

म्हातारीचं नाव फोतिनी. मावशी तिला ‘कीरिया’ म्हणायची, म्हणजे ग्रीकमध्ये बाईसाहेब. पाय गेलेले, सगळा दिवस व्हीलचेअरवर, पण जीभ शाबूत. सुरुवातीला दोघींचं फार वाजलं, कारण ग्रीकमध्ये होकाराला ‘ने’ म्हणतात. मावशी सूप पुढे करायची, म्हातारी ‘ने, ने’ करायची, आणि हिला वाटायचं नको म्हणतेय. ही आपली वाटी उचलून आत नेऊन ठेवायची. भुकेल्या म्हातारीने काय थयथयाट केला असेल ते तुम्हीच बघा. शेवटी शेजारणीने सांगितलं, ‘ने’ म्हणजे हो, आणि ‘ओही’ म्हणजे नाही. त्यानंतर मात्र दोघींचं असं गूळपीठ जमलं, की पगार देणारा म्हातारीचा मुलगा टॉम त्या घरात पाहुण्यासारखा वाटायला लागला.

त्या वर्षी जूनच्या अखेरीस ग्रीसच्या बातम्यांनी डॅनफोर्थ ढवळून निघालं. तिथलं सरकार कर्जात बुडालेलं, बँका बंद, एटीएम मशीनमधून दिवसाला साठच युरो, आणि त्यासाठीही रांगा. कर्ज देणारे म्हणत होते, आणखी पैसे हवेत तर पेन्शनला आणखी कात्री लावा. हे मान्य आहे की नाही, यावर लोकांचा कौल घ्यायचं ठरलं. फोतिनीची धाकटी बहीण पात्रास शहरात राहायची. तिची पेन्शन आधीच इतकी कापली होती, की ती रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायची. दोघी बहिणी फोनवर रडायच्या. फोतिनीला मत द्यायला तिकडे जाणं शक्य नव्हतं, पण डॅनफोर्थवर ‘ओही’वाल्यांची सभा होती. तिला तिथे जायचं होतं, बस्स.

टॉम नको म्हणाला. ऊन आहे, गर्दी आहे, आईचं हृदय नाजूक आहे. ही सगळी कारणं खरी होती, नाही असं नाही. पण त्याचं घरं विकण्याचं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं, आणि घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे असं तो गिऱ्हाइकांना ऐकवत असे. त्यांच्यापुढे आई पाटी घेऊन बसलेली त्याला परवडणार नव्हती. आईला घेऊन गेलीस तर दुसरा जॉब बघ, असं त्याने मावशीला बजावलं.

मावशीने हे सांगितलं तेव्हा मी भडकले. ग्रीसच्या कर्जाशी तुझा काय संबंध, या वयात तुला कोण हायर करणार, असं बरंच सुनावलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“कर्जाचं मला काय कळत नाय, जॉयस,” ती म्हणाली. “कीरियाला जायचंय आणि तिला चालता येत नाय. मला येतं.”

मतदानाच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी दोघी सभेला गेल्या. मीही गेले, लक्ष ठेवायला. मावशीने ग्रोसरीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घरूनच पाटी करून आणली होती. ग्रीक लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने आपल्या वसईचं ‘नाय’ मार्करने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: एन, ए, आय. आता गंमत अशी, की ग्रीक लोक होकाराचा तो ‘ने’ बोलतात तसा लिहीत नाहीत. तो लिहितात अगदी याच तीन अक्षरांनी. मावशीने तो शब्द हजार वेळा ऐकला होता, लिहिलेला कधी पाहिला नव्हता. म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या ऐन गर्दीत आमची मावशी भलामोठा ‘हो’ डोक्यावर धरून उभी!

एक मिशीवाला अंगावर आला. एका बाईने पाटी ओढली. तुला कोणी पाठवलं, असं तिसरा विचारू लागला. मी मावशीचा हात धरून म्हटलं, चल घरी. फोतिनी आधी पोट धरून हसली, मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटत तिने ग्रीकमध्ये सगळ्यांची हजेरी घेतली. तिने पाटीकडे बोट करून ‘ने, ने’ म्हटलं, तेव्हा मावशीला झालेली चूक समजली. ती कानापर्यंत लाल झाली, पण जागची हलली नाही. मिशीवाल्याच्याच खिशातला मार्कर मागून घेतला, पुठ्ठा उलटा केला आणि मराठीत मोठ्ठं ‘नाय’ लिहिलं. आता ते कोणालाच वाचता येईना, त्यामुळे जो तो येऊन विचारू लागला. माझ्या गावाला ‘नाही’ला असं म्हणतात, हे ती प्रत्येकाला न कंटाळता सांगत राहिली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की फोटो काढायचंही राहून गेलं.

दुसऱ्या कोणीतरी काढला. शनिवारी सकाळी टॉमने तो फेसबुकवर पाहिला आणि मावशीची नोकरी गेली.

रविवारी ग्रीसने मोठ्या बहुमताने ‘नाही’ म्हटलं. पुढच्या आठ-दहा दिवसांत तिथल्या सरकारने कर्ज देणाऱ्यांच्या आणखी कडक अटी मान्य करून टाकल्या. मला त्या सरकारचा संताप आला, आणि रागाच्या भरात मी मावशीलाच म्हटलं, मिळवलंस काय? तिला एका नर्सिंग होममध्ये पार्ट-टाइम काम मिळालं होतं. फोतिनीला फोन लावला की टॉम उचलायचा आणि आई झोपलीय म्हणायचा. फोन ठेवल्यावर मावशी डोळे पुसायची, मी पाहिलं नाही असं समजून.

मग त्या कराराविरुद्ध डॅनफोर्थवर पुन्हा सभा ठरली. त्या रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर मावशीने कपडेही बदलले नाहीत. मला म्हणाली, गाडी काढ. वाटेत मी दोनदा समजावून पाहिलं, पण गाडी वळवली नाही.

दार टॉमने उघडलं. तुला कामावरून काढलंय ना, असं त्याने विचारलं, आणि सरळ सांगितलं की आई कुठेही जाणार नाही. मावशी पायरीवरून हलली नाही. पर्स दोन्ही हातांत धरून, आपल्या मोडक्या इंग्रजीत, शांतपणे म्हणाली, “पगार घेत होते तेव्हा तू मला काढू शकत होतास, टॉम. आता मी तिची मैत्रीण म्हणून आलेय. आता कसं काढशील?”

टॉमने माझ्याकडे पाहिलं. आतून फोतिनी त्याच्यावर ओरडत होती. शेवटी तो दार सताड उघडं टाकून आईचे बूट शोधायला आत गेला.