करंज तोडायचा ठराव

तुमच्या घरामागून वाहणाऱ्या नदीला तुम्ही नाला कधीपासून म्हणायला लागलात?

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत हा शब्द सेक्रेटरीकाकांनी आणला. नॅशनल पार्कातून उतरणारी दहिसर नदी आमच्या कुंपणाला लागून जायची. "नाल्याने डास होतात," म्हणून काठावरचे करंज तोडून सिमेंटची भिंत घालायची, असा ठराव त्यांनी मांडला.

त्या वर्षांत दर रविवारी सकाळी मी आणि शेजारच्या जिन्यातली माझी मैत्रीण पार्कात शिरायचो आणि नदी बघत बघत घरापर्यंत खाली यायचो. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. ठरलेल्या जागी थांबायचं, काठावर काय उगवलंय, काय सुकलंय ते पाहायचं, मग पाण्यातला एक दगड उलटायचा. त्याच्या पोटाला किडे चिकटलेले असले, खाली खेकडा असला, की पाणी ठीक. दगड परत तसाच ठेवायची तिची सक्ती होती.

"छप्पर आहे ते त्यांचं. उडवून काय जातेस गं?"

घरी खेकड्यांचं ऐकून आई मालवणीत विचारायची, "कुर्ल्यो गावल्यो? मगे हाडलंस कित्याक नाय?"

आमच्या करंजांखाली पाणी गार असायचं, दगडाखाली धावपळ असायची. पुढच्या वळणावरची झाडं आधीच गेली होती. तिथे दगडांवर बुळबुळीत थर, आणि नाकाला पदर लावायला लावणारा वास.

मी वडिलांच्या गिरणीतल्या संपाच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. लगेच पत्रक लिहिलं: "करंज पडला, नदी मेली!!!" मैत्रीण वाचून हसली. "अजून जिवंत आहे ती. उद्गारचिन्हं कमी कर."

काकांनी सभा रविवारी संध्याकाळी ठेवली, नेमकी टीव्हीवरच्या सिनेमाच्या वेळेला. गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने हजर असतील तेवढ्यांत ठराव होतो. तोवर आपली माणसं खाली आणायची, असा त्यांचा बेत.

अर्धा तास झाला. काका खिडक्यांकडे बघून हाका मारत होते. वरून गाणं ऐकू येत होतं. "आलो, आलो! एवढा सीन होऊ दे!" कुणी उतरलं नाही. खुर्च्यांवर आमच्या दोघींचे वडील आणि टीव्ही नसलेल्या तळमजल्याच्या दोन आज्या.

"घ्या सभा," मैत्रिणीचे वडील म्हणाले. ते कचेरीत कारकून, नियमाला पक्के. "आता कायदेशीर आहे."

मैत्रीण उभी राहिली. ते करंज गेले असते तर तिची दोन पावसाळ्यांची पायपीट पाण्यात गेली असती. सावलीतला दगड आणि उन्हातला दगड, एवढंच तिने सांगितलं. माझं पत्रक घडीतच राहिलं. एक आजी म्हणाली, "मग तोडायची कशाला मेली?" ठराव पडला.

"वाट लावलीत माझी," म्हणत काका उरलेला सिनेमा बघायला वर गेले.

मैत्रीण आता नोकरीसाठी लांब गेली आहे. करंज फुलले की पाकळ्या पाण्यावरून दहिसरकडे जातात. त्या बघायला मी एकटीच उतरते आणि उद्गारचिन्हांवरून कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर काठाबद्दल कसलीही नोटीस लागली असेल, तर आजच खाली जाऊन वाचा. आणि त्या सभेला जा. टीव्ही बंद करून जा.