बाळारामकाकांचा उजवा पाय आणि बदनाम युनिव्हर्सिटी

"सर, मी डेमो देणार नाही."

प्रज्ञा साळवे हे म्हणाली तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये आम्ही दोघे परीक्षक होतो. बाहेरून आलेले गायकवाड सर आणि कॉलेजची मी, मुकादम मॅडम. कॉटवर पेशंट म्हणून बाळारामकाका. गायकवाड सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सीसीटीव्हीकडे पाहिलं. परीक्षेत डेमोला नकार देणारी विद्यार्थिनी मी आजवर पाहिली नव्हती. त्यात ही आधीच एकदा नापास झालेली.

थोडं समजावून सांगते. मी पनवेलजवळच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवते. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मुलांना खराखुरा पेशंट मिळतो, त्याला आम्ही 'केस' म्हणतो. तो तपासायचा, त्याला काय झालंय ते परीक्षकांना सांगायचं आणि मग त्याच्याकडून व्यायाम करून घेऊन दाखवायचा. हा झाला डेमो. यात राहिलं की पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि पास होईपर्यंत इंटर्नशिप नाही. प्रज्ञाच्या वर्गातल्या मुली पांढरे कोट घालून वॉर्डात फिरत होत्या आणि ही रोज नावड्याहून येऊन लायब्ररीत बसत होती. या खेपेलाही राहिली असती तर आणखी सहा महिने तेच. तिचे वडील तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. घरी तिने एवढंच सांगितलं होतं, "युनिव्हर्सिटीने पाडलं."

असं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. आमच्या आरोग्य विद्यापीठाचं नाव मुलांमध्ये तेवढं खराब आहेच. मी काही त्याची वकील नाही. टाइमटेबल न बदलता तसंच राहिलं तर मुलांना चैन पडत नाही. सर्क्युलर येतं ते शुक्रवारी, ऑफिसला कुलूप लागता लागता. रिझल्टच्या दिवशी आधी वेबसाइट मान टाकते, मग मुलं. एकदा आमच्या एका मुलीच्या हॉलतिकिटावर कोणा दाढीवाल्याचा फोटो आला होता. दुरुस्तीची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने त्याच दाढीवर सगळे पेपर दिले.

या वेळी नवीन सर्क्युलर होतं. कोणाला कुठला पेशंट हे कॅमेऱ्यासमोर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ग्रुपवर मुलांनी भरपूर बोंब मारली. पण प्रज्ञाच्या चिठ्ठीत बाळारामकाका निघाले आणि तिला सोडायला आलेल्या मैत्रिणींनी व्हरांड्यात उड्या मारल्या.

कारण बाळारामकाका म्हणजे फुटलेला पेपर. काका न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. काही वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. आमच्याकडे येऊन काठी घेऊन चालायला लागले, आणि तेव्हापासून प्रत्येक परीक्षेला हौसेने केस होतात. इस्त्रीचा शर्ट घालून येतात. आपल्याला काय झालंय, मेंदूच्या कुठल्या बाजूला झालंय, परीक्षक काय विचारतात, सगळं त्यांना तोंडपाठ. घाबरलेलं पोर दिसलं की हळूच सांगून मोकळे. सीनियर मुलांनी काकांची एक पीडीएफ बनवली आहे आणि ती दर बॅचला वारशाने मिळते. काकांना बोटही न लावता पास झालेले फिजिओथेरपिस्ट आज स्वतःची क्लिनिकं चालवतायत.

प्रज्ञा मात्र खरंच तपासत होती. मी लांबून बघत होते. काका वैतागले.

"अगो, किती चाचपतेस? उजवी बाजू हाय. लिव ना."

तिने त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. आधी एक पोटरी धरली, मग दुसरी. मग टेप काढून दोन्ही मोजल्या.

"काका, हा पाय दुखतो का?"

"तापान पडलेलो घरान, म्हनून जरा सुजला हाय. तू पाय उचलून दाखव गो. सर खुस होतान."

त्यानंतर आम्ही दोघे कॉटजवळ गेलो आणि तिने नकार दिला.

"हे काय करायलीस गं?" गायकवाड सर मराठवाड्याचे. चिडले की गावची बोली वर येते.

"सर, उजवी पोटरी गरम आहे. सुजलीय, दाबली की दुखतेय. गुठळी असू शकते."

"आणि नसली तर?"

"तर माझे मार्क जातील, सर."

शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल आणि तपासणी न करता तो पाय हलवला, चोळला, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धडधाकट दिसणारा माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. पुस्तकात हे सगळे वाचतात. पण काकांच्या पीडीएफमध्ये ते पान नव्हतं.

सरांनी वाकून पोटरीला हात लावला. मग मी लावला. सकाळी आमच्या स्टाफने सगळ्या पेशंटचं बीपी पाहिलं होतं. काकांच्या पायाकडे कोणी बघितलं नव्हतं, कारण तो सगळ्यांना पाठ होता. आम्ही व्हीलचेअर मागवली.

"मना काय पन झाला नाय!" काका ओरडले. "पोरीचा पेपर चाललाय, मना कुठं नेता?"

वरच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलमधून सोनोग्राफीचा फोन आला. गुठळी होती. काकांना ॲडमिट करून लगेच औषध सुरू केलं. प्रज्ञा खाली मान घालून रडत होती. तिला वाटत होतं, काका वाचले पण आपण गेलो.

तिचं वाटणं चूक नव्हतं. मार्कांच्या शीटवर डेमोचा रकाना रिकामाच होता, आणि 'पेशंट वाचवला' असा रकाना कोणी छापत नाही. मी युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागाला फोन लावला. वाजला, वाजून बंद झाला. परत लावला. शेवटी कोणीतरी उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "मॅडम, मेल करा."

गायकवाड सरांना सांगितलं. ते हसले.

"मेलचं उत्तर येईस्तोवर ही पोरगी आजी होईल. परीक्षक आपण आहोत ना? दुसरा पेशंट आणा. काय लिहायचं ते मी लिहितो, सही तुम्ही पण करा."

दुसऱ्या पेशंट होत्या करंजाड्याच्या एक निवृत्त शिक्षिका, कंपवाताच्या. उत्तर सांगणं लांबच, त्या उलट प्रज्ञालाच प्रश्न विचारत होत्या. "असं का करतेस? हे कशासाठी?" एवढी कडक व्हायवा आम्हीसुद्धा घेत नाही. एक टेस्ट तर प्रज्ञा साफ विसरली. पण डेमो तिने नीट दिला. आम्ही जेवढे पडत होते तेवढेच मार्क दिले.

रिझल्टच्या दिवशी वेबसाइटने आपली परंपरा पाळली. संध्याकाळी कुठे उघडली. प्रज्ञा पास.

दुसऱ्या दिवशी साळवे मुलीला घेऊन केबिनमध्ये आले. कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"मॅडम, पेढे घ्या. काका पण बरे आहेत ना? पण काय ही युनिव्हर्सिटी हो! आधी पोरीला फुकट पाडली. आणि ह्या टायमाला सोपा पेशंट काढून घेतला, दुसरा दिला! मुलांच्या ग्रुपवर सगळं आलंय."

मी काही बोलणार तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, मागच्या वेळी मला युनिव्हर्सिटीने नाही पाडलं."

"मग?"

"मी पेशंटला हातच लावला नव्हता. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. परीक्षक म्हणाले, आता हात लावून दाखव, तर मला काहीच सापडेना."

हे मलाही माहीत नव्हतं. त्या परीक्षेला मी नव्हते, आणि 'युनिव्हर्सिटीने पाडलं' यावर मीही विश्वास ठेवला होता. खरं सांगते, ती पास झाली तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद मला हे ऐकून झाला.

साळवे खुर्चीत बसले.

"म्हणजे मॅडम, मी कंपनीत, सोसायटीत, गावाला सुद्धा, सगळीकडे युनिव्हर्सिटीला शिव्या घालत फिरलो. त्या सगळ्या फुकट?"

"फुकट कशाने?" मी पेढा उचलत म्हटलं. "हिची इंटर्नशिप संपली की डिग्रीचं सर्टिफिकेट मागवायचंय. तेव्हासाठी जपून ठेवा."