फाटकाजवळची खुर्ची

सकाळचं कोवळं ऊन पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आलं, की फरशीवरचे चार पांढुरके ठसे आधी उजळतात. तिथे मारुतीमामांची खुर्ची असायची. मामा आमचे वॉचमन, साठीला टेकलेले. एका दुपारी त्यांचा डोळा लागला, आणि आमच्या कमिटीनं त्यावर उपाय काय शोधावा? खुर्चीच काढून घेतली!

काय ही बुद्धी! मी सभेत परोपरीनं सांगितलं, अहो, मामांचे पाय संध्याकाळी सुजतात, नीट बघा तरी. पण आमचे अध्यक्ष शिंदेभाऊ उसळून म्हणाले, "आमी चाकणला कारखान्यात लाइनवर उभंच असतो ना राव! आमच्या पायाचं कुणी इचारतं का?" झालं! भराभर हात वर गेले.

मेंदूचे जाणकार सांगतात, की समोरच्याला ठेच लागली की बघणाऱ्याच्याही मेंदूत काहीतरी कळवळतं. असेल बुवा! मग बंद खोलीत, पंख्याखाली, बहुमतानं निर्णय घेताना ते कळवळणं कुठे दडी मारून बसतं? वाटलं होतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण छे! जे दुःख आपण दात-ओठ खाऊन गिळलं, ते दुसऱ्यानंही मुकाट्यानं गिळावं, अशी एक विचित्र असूया अनुभवी माणसाच्या अंतःकरणात घर करून असते. ज्याचे स्वतःचे पाय रोज ठणकतात, त्यानंच दुसऱ्याची खुर्ची काढावी, याचा मला अजूनही संताप येतो.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रं पुजायची, त्या दिवशी त्यांना राबवायचं नाही, ही इथली रीत. आमच्याकडे राहणाऱ्या कामगारांनी ती सोसायटीतही आणली. लिफ्टला तोरण, पाण्याच्या मोटरला झेंडूचा हार. "आज मोटर चालवायची न्हाई," शिंदेभाऊंनी बजावलं, "तिला बी दम खाऊ द्या." लोखंडाविषयी केवढी ही करुणा! आणि पूजेचं ताट हातात धरून मामा पहाटेपासून उभेच. मला अक्षरशः ओरडावंसं वाटलं.

शेवटी फाटकाची पूजा. खांबाच्या बुडाशी कुंकू लावायला शिंदेभाऊ खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. आदल्या दिवशी ओव्हरटाइम झालेला. गुडघ्यांनी दगा दिला. मामांनी ताट खाली ठेवलं, त्यांना बखोटीला धरून उभं केलं. "बसा भाऊ, बसा जरा," म्हणत सवयीनं हात मागे नेला, खुर्ची पुढे ओढायला.

हात रिकामाच हवेत फिरला. मामाच ओशाळले, जणू चूक त्यांचीच!

शिंदेभाऊ मात्र मामांच्या खांद्याला धरून तसेच उभे राहिले. एकदा मामांच्या सुजलेल्या पावलांकडे आणि मग ऊन पडलेल्या त्या चार ठशांकडे ते बघत होते. माझा सगळा राग तोंडापर्यंत आला होता, पण मी वाकून मामांनी खाली ठेवलेलं ताट उचललं. त्या घडीला फाटकापाशी टेकायला जागा कुणालाच नव्हती.