बोटाखालचं मल्लेश्वरम

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढली. माझ्या रेघेत चूक काढायची कुणाची बिशाद नव्हती. निवृत्तीनंतर ती बायकोनं काढली, तीही एका बोटानं.

काचबिंदूनं तिची नजर गेली होती. तिला एकच हवं होतं, आमच्या मल्लेश्वरमच्या बाजारातल्या दुकानातून कॉफी दळून आणायची, आणि तीही एकटीनं. मला ते मुळीच नको होतं. पण तिच्या हट्टापुढे माझं काही चालत नाही. शेवटी हाताला लागेल असा नकाशा करायला बसलो. पुठ्ठा, डिंक आणि सुतळी घेऊन आठवडाभर मान मोडून काम केलं. प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही कडा, दोन्ही फूटपाथ, सगळं अगदी मापात.

तिनं बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं.

"अहो, मी आत्ता रस्त्यावर आहे की कुणाच्या स्वयंपाकघरात?"

राग आला, खोटं कशाला सांगू! मग डोळे मिटून स्वतःचं बोट ठेवलं आणि दुसऱ्याच वळणावर हरवलो. इतक्या सुतळ्यांमध्ये रस्ता कुठला आणि घरं कुठली, कळेना.

सगळं उचकटलं. एका रस्त्याला एकच सुतळी लावली. बाकीचं तिनं सांगितलं. मोगरेवाली अक्का बसते तिथं साबुदाणा, डगमगणाऱ्या फरशीवर शर्टाचं बटण, दुकानाच्या जागी कॉफीची बी.

"आणि तो उत्तरेचा बाण काढा. मला काय करायचाय?"

ती जायला लागली. मी रोज वीस पावलं मागे, चपला न वाजवता. अक्का हसायची, मी तोंडावर बोट ठेवायचो.

आठवड्यानं नकाशावर आमच्या फाटकापाशी एक हरभरा चिकटवलेला दिसला.

"हे काय?"

"तुम्ही. खोकला लपतो होय तुमचा? डिंक भरपूर लावलाय, आता तिथून हलायचं नाही."

मी फाटकाला धरून उभा राहिलो. काठीची टकटक वळणापर्यंत ऐकू आली, मग थांबली. ती अर्ध्या तासानं परतली आणि पूड माझ्या हातात दिली. पाकीट अजून गरम होतं. मला रडू आलं. तिला थोडंच दिसणार होतं, म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

"आत चला आता," ती म्हणाली, "पूड भिजेल."