ओल्या रानातलं माप

ट्रॅक्टरवर बसवायचं मीटर वहिनींच्या हाताखालून गेल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नसे. ते मागच्या चाकाचे फेरे मोजायचं आणि अवजाराच्या रुंदीवरून किती एकर काम झालं ते दाखवायचं. तपासणीला ट्रॅक्टर चालवायचा तो त्यांचा धाकटा दीर. एकच रान पुन्हापुन्हा तुडवायला लावतात म्हणून त्यानं घरात त्यांचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं होतं. वहिनी हसायच्या आणि जेवताना त्याला मुद्दाम मोजून वाढायच्या.

एकदा मालकांनी विक्रेत्यांना मीटर बघायला बोलावलं. कारखान्यामागचं सपाट, कोरडं रान तयारच होतं. वहिनींनी त्याच्या जोडीला ओढ्यालगतची, नुकतंच पाणी दिलेली पट्टीही मागितली.

"आपलंच हसं करून घ्यायचंय का?" मालक वैतागले.

"इथे हसं झालं तर परवडेल. गिऱ्हाइकाच्या शेतात झालं तर तोंड लपवायला जागा उरणार नाही."

मालकांनी कुरकुरत मान डोलावली.

कोरड्या रानात टेप आणि मीटर तंतोतंत जुळले. सगळे खूश! मग मंडळी ओढ्याकडे उतरली. दिरानं ट्रॅक्टर चिखलात घातला मात्र, चाकं जागच्या जागी गरगरू लागली. ट्रॅक्टर रेंगाळत होता आणि मीटरवरचा आकडा पळत होता. टेपनं एक एकर भरलं. मीटर म्हणालं, सव्वा.

"मग टेपच घेतो की!" एक विक्रेता म्हणाला. हशा पिकला. मालकांचा चेहरा पडला.

दिराला वाटलं, आता वहिनी सारवासारव करणार. पण त्या बाह्या सरसावून सरळ चिखलात उतरल्या आणि टायरवर खडूनं खूण केली.

"चाक घसरलं की फेरे वाढतात, जमीन वाढत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून कामाआधी त्याच रानात टेपनं आखलेलं अंतर चालवायचं आणि त्याला लागलेले फेरे मीटरला द्यायचे. रान बदललं की पुन्हा."

तसं करून दिरानं पट्टी परत मोजली. आकडा बराच खाली आला.

"अजून थोडा जास्तच आहे," वहिनींनी कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

निम्मे विक्रेते तिथूनच परतले. मालक कितीतरी दिवस घुश्शात होते. वहिनींनी मात्र ट्रॅक्टरमागे नुसतंच ओढलं जाणारं एक छोटं चाक जोडलं आणि फेरे त्याचे मोजायला घेतले. ते घसरेना, पण चिखल चिकटून असं फुगलं की आता क्षेत्र कमीच दिसू लागलं!

"वहिनी, पुरे आता," दीर कळवळून म्हणाला.

"भाऊजी, चिखल दमला का? मग आपण का दमायचं?"

त्यांनी चाकाला चिखल खरवडणारी पत्र्याची पट्टी बसवली. मालक स्वतः ट्रॅक्टरवर चढले, ओढ्यालगतचं रान मोजून आले आणि उतरताना एवढंच म्हणाले, "हेच पाठवू." ओल्या रानात आधी तपासून घ्या, ही सूचना तरीही वहिनींनी खोक्यावर छापायला लावलीच.

आता गावोगाव मीटर दाखवायला दीरच जातो. 'अगदी बिनचूक दाखवतं का हो?' असं कुणी विचारलं की पूर्वी तो छाती ठोकून हो म्हणायचा. आता आधी खाली उतरतो, मूठभर माती उचलून दाबून बघतो आणि मगच तोंड उघडतो.